थोरल्या जावेचा टप्पा

‘वरून नको. खालून वाच,’ ठोसर सर म्हणाले.

हसन परकारने हातातला कागद सरळ उलटा धरला.

‘तसं खालून नव्हे रे. आधी सह्या वाच. मग शेवटचं कलम, मग त्याच्या वरचं. प्रस्तावना सगळ्यात शेवटी.’

‘असं का, सर?’

‘प्रस्तावनेत सगळे एकमेकांचे जिवलग मित्र असतात. सह्यांपाशी गेलं की कळतं, लेखणी कोणाच्या हातात होती आणि कोणाचा नुसता हात धरला होता.’

हे त्र्याहत्तर सालातलं. ठोसर सरांच्या ओसरीवर रविवारी सकाळी आमची बैठक भरायची. विषय आंतरराष्ट्रीय कायदा. सुरुवातीला आम्ही अकरा जण होतो. हे परीक्षेत येत नाही असं कळल्यावर नऊ जण गळाले आणि मी नि हसन तेवढे उरलो. हसनला विषयाची गोडी होती. मला विषयाची होती, आणि सरांच्या घरच्या घावनांचीही होती. काकू नारळाच्या रसाबरोबर घावनं द्यायच्या. ती इतकी पातळ असायची की ताटलीतल्या घावनातून खालची नक्षी दिसायची. एकदा तर मी एका घावनाआडून वर्तमानपत्र वाचलं होतं.

आमचं कॉलेज जुन्या मिठाच्या गोदामात भरे. भिंतीला टेकून बसलं की सदऱ्यावर मीठ यायचं. ग्रंथालयात आंतरराष्ट्रीय कायद्याचं एकच पुस्तक होतं आणि वाळवीने ते किनाऱ्याकडून आत खात आणलं होतं, त्यामुळे किनारी समुद्राचं प्रकरण शिल्लक नव्हतं. सर म्हणायचे, ‘बरं झालं. नाहीतरी त्या प्रकरणात आपण नव्हतोच. या पुस्तकवाल्यांना आपली मिरी माहीत होती, आपली बंदरं माहीत होती. आपल्यालाही काही कायदा असेल, हे तेवढं त्यांच्या लक्षात आलं नाही.’

असं काही बोलले की सर चष्मा काढून पुसायचे. आम्हाला वाटे, डोळे भरून येतात.

मी कायद्याला आलो होतो तो एका खळ्यासाठी. आमचं आडबंदर म्हणजे शंभर-सव्वाशे घरांची गाबितांची वाडी. वाडीच्या दक्षिणेला खडकाळ टोक आहे, त्याला आम्ही खडप म्हणतो. खडपाच्या पलीकडे मासे सुकवायचं खळं. बांगडे, बोंबील, मोरी, सगळं तिथे वाळायचं आणि वाडीतल्या साठ बायका त्यावर घर चालवायच्या. त्या साठ जणींची म्होरकी माझी आवडाआत्या. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. सरकारच्या एका खात्याला त्याच जागी खनिज भरायचा धक्का बांधायचा होता. खातं म्हणालं, जागा आमची. कशावरून? तर अठराशे एकोणीसचा तह.

कंपनी सरकार आणि आमचे देसाई यांच्यात झालेला तह. त्याचं सातवं कलम असं, की कोटावरच्या तोफेचा गोळा जिथवर पोचेल तिथवरचा किनारा कंपनीचा. कंपनीचा तो पुढे राणीचा झाला आणि राणीचा तो सत्तेचाळीस साली आपल्या सरकारचा. कोटावर तोफ एकच होती. तिचं नाव ‘थोरली जाऊ’. ती बोलली की बाकी सगळे गप्प बसत, म्हणून.

आता तोफेचा गोळा पोचेल तो कुठवर? आमच्याकडे त्याला उत्तर होतं. खडपाच्या अलीकडच्या कपारीत सापडलेला एक लोखंडी गोळा आत्याकडे होता. वाऱ्याने जाळं उडू नये म्हणून ती तो जाळ्यावर ठेवायची. गोळा खडपावर पडला, त्याच्या पुढे कधी गेला नाही, असं वाडीतलं म्हातारं माणूस सांगायचं. म्हणजे खळं टप्प्याबाहेर. आमचे नाईक वकील त्याच जोरावर खटला लढवत होते.

मी सरांना सगळं सांगितलं तेव्हा ते उठून उभे राहिले.

‘जगन्नाथ, अरे, हेच तर मी वीस वर्षं सांगतोय. साम्राज्य गेलं, त्याचे तह राहिले. कधी आहे तारीख?’

‘मे महिन्यात, सर.’

‘मी येतो साक्षीला. तुमचं खळं हे माझ्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण.’

हे मी आत्याला सांगितलं. तिने सरांसाठी सुरमईची एक जोडी खास निराळी सुकवायला घातली. मीठ किती, ऊन किती, सगळं मोजून. मांजर जवळ येऊ नये म्हणून स्वतः राखणीला बसायची.

मग सरांनी रविवारच्या बैठकीत नवी तऱ्हा काढली. म्हणाले, ‘कागद त्यांचे होते, म्हणून इतिहास त्यांचा झाला. आपल्या लोकांच्या तोंडी जे आहे तोही पुरावाच. पुढच्या वेळी प्रत्येकाने गावची एक गोष्ट आणायची. कुठे लिहिलेली नको.’

पहिला नंबर हसनचा. त्याने आपल्या नाखवा खापरपणजोबांची गोष्ट सांगितली. एडनच्या वाटेवर शीड फाटलं, तर या गृहस्थाने एका देवमाशाच्या शेपटीला दोर बांधला आणि तीन दिवसांत गलबत बंदराला लावलं. त्यावर बंदराचा साहेब देवमाशाचंही बंदरशुल्क मागू लागला, तर हे म्हणाले, तो खुल्या समुद्राचा रहिवासी आहे, त्याला तुमचा कायदा लागू नाही.

सर इतके हसले की चष्मा दोनदा पुसला. काकू आतून बाहेर आल्या आणि हसनच्या ताटलीत आणखी तीन घावनं वाढून गेल्या. माझ्या ताटलीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

पुढचा रविवार माझा होता. आठवडाभर मी त्या तीन घावनांचा विचार करत होतो.

‘आमच्या थोरल्या जावेची गोष्ट,’ मी सुरुवात केली. ‘देसायांच्या थोरल्या मुलाच्या बारशाला तोफ उडवायची ठरली. गोलंदाज माझा खापरपणजा. आनंदाच्या भरात त्याने दारू दुप्पट ठासली. आवाज असा झाला की वाडीतल्या कोंबड्यांनी पंधरा दिवस अंडी दिली नाहीत. गोळा निघाला तो खडपावरून गेला, खळ्यावरून गेला. खाली बायका बोंबील पसरत होत्या, त्यांच्या डोक्यावरचे पदर वाऱ्याने उडाले. आणि गेला तो थेट धामोळ्याला. तिथे एक भंडारी माडावर चढून माडी काढत होता. गोळ्याने त्याच्या हातातलं मडकं फोडलं, माणसाला ओरखडा नाही. भंडारी खाली उतरला आणि तीन मैल चालत कोटावर आला. म्हणाला, मडकं भरून द्या. देसायांनी भरून दिलं. तेव्हापासून धामोळ्याच्या भंडाऱ्याला दर बारशाला आमच्या कोटावरून एक मडकं जातं.’

हसनने लगेच टाळी वाजवली. सरांनी नाही. ते लिहीत होते. तपकिरी पुठ्ठ्याची वही, बारीक अक्षर.

‘मडकं अजून जातं?’

‘अजून, सर.’

‘तोफ तीच?’

‘तीच.’

‘सही कर,’ असं म्हणून सरांनी वही पुढे केली. ‘नाव, गाव, घराणं. गोलंदाजाचा वंशज असं लिही. आपल्या माणसांच्या तोंडच्या गोष्टीलाही सही हवी. नाहीतर उद्या म्हणतील, कोणीतरी अडाणी काहीतरी बोलला.’

मी झोकात सही केली. वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. त्या दिवशी मला चार घावनं मिळाली.

मे महिन्यात तारखेच्या दिवशी आत्या, मी आणि हसन सकाळच्या एस.टी.ने निघालो. आत्याच्या एका टोपलीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरमई, दुसरीत तो लोखंडी गोळा. कंडक्टरने गोळ्याचं अर्धं तिकीट फाडलं, असं मी नेहमी सांगतो. तिकीट फाडलं नव्हतं. पण ‘हे काय आहे, म्हातारे?’ असं विचारलं होतं खरं आणि आत्या म्हणाली होती, ‘साक्षीदार आसा.’

कोर्टाच्या आवारात आम्ही फाटकाशी उभे राहिलो, सर आले की दिसावेत म्हणून. साडेदहाला सरकारी जीप आत आली. पुढच्या सीटवरून सर उतरले. मागून सरकारी वकील उतरले आणि त्यांनी सरांची बॅग धरली.

‘हेच तुझे सर?’ आत्याने विचारलं.

‘हेच.’

‘जीप खंयची?’

‘वाटेत भेटली असेल,’ हसन म्हणाला.

सरांनी आमच्याकडे पाहून हात जोडले आणि ते आत गेले. नाईक वकील धावत आले. ‘अहो तारी, तुमचे सर समोरच्यांच्या यादीत आहेत. काल संध्याकाळी नाव आलं. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.’

गोळा न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवला, तर टेबल करकरलं. खडपाची मापं झाली, म्हाताऱ्यांच्या साक्षी झाल्या. न्यायाधीश दोनदा मान हलवून ‘बरोबर’ म्हणाले. नाईक वकिलांचा चेहरा फुलला. मग सर पिंजऱ्यात आले.

काय बोलले हो! म्हणाले, दीडशे वर्षं आपली न्यायालयं वसाहतीच्या कागदालाच पुरावा मानत आली. इथल्या माणसाची आठवण, त्याचं गाणं, त्याची गोष्ट, तिला दारातूनच परत पाठवलं गेलं. स्वतंत्र देशाच्या न्यायालयाने तरी तिला आत घ्यावं. मी मागच्या बाकावर बसून मान डोलवत होतो. रविवारी ऐकलेलं प्रत्येक वाक्य तिथे उभं राहिलं होतं आणि ओसरीवर होतं त्याहून देखणं दिसत होतं.

मग त्यांनी बॅगेतून तपकिरी वही काढली.

‘आडबंदरच्या लोकपरंपरेनुसार या तोफेचा गोळा धामोळ्यापर्यंत पोचला होता. म्हणजे खळ्याच्या कितीतरी पुढे. त्या घटनेची आठवण म्हणून एक रिवाज आजतागायत चालू आहे. सांगणारा गोलंदाजाच्याच घराण्यातला. त्याची सही आहे. आधी तीच वाचतो.’

त्यांनी माझं नाव वाचलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

आत्याने वळून माझ्याकडे पाहिलं नाही. ती गोळ्याकडे बघत होती.

नाईक वकिलांनी मला तिथल्या तिथे साक्षीला उभं केलं.

‘ही गोष्ट खरी आहे?’

‘नाही. थाप आहे.’

सरकारी वकील उठले. माणूस गोड होता, आवाजही गोड. ‘थाप? कोणाला मारली?’

‘सरांना.’

‘कशासाठी?’

मी पिंजऱ्याचा कठडा धरला.

‘काहीतरी कारण असेल ना, तारी?’

‘घावनांसाठी.’

कोर्टात हशा पिकला. शिपाईसुद्धा हसला. न्यायाधीशांनी विचारलं, ‘घावन कसं लिहायचं, धिरडं लिहू?’ आणि पुन्हा हशा.

‘म्हणजे वही पुढे आली तेव्हा तुम्ही खोट्यावर सही केलीत,’ सरकारी वकील म्हणाले. ‘आणि आज गावाचं खळं जातंय म्हटल्यावर खरं आठवलं. कायद्याचे विद्यार्थी ना तुम्ही?’

नाईक वकिलांनी शेवटचा प्रयत्न केला. सरांना परत उभं करून विचारलं, ‘प्राध्यापक, हा पोरगा थापाड्या आहे, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?’

सरांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी मायेने पाहिलं. म्हणाले, ‘जगन्नाथ माझा सर्वांत हुशार विद्यार्थी आहे. तो खोटं बोलणारा मुलगा नाही.’

इतकं चांगलं माझ्याबद्दल त्याआधी कोणी बोललं नव्हतं. त्यानंतरही नाही.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं.

‘सर, तुम्ही आमचे साक्षीदार होता.’

‘मी एक शब्द खोटा बोललो नाही, जगन्नाथ. तू सांगितलंस तेच वाचलं.’

‘ती थाप आहे, हे तुम्हाला कळलं होतं. म्हणूनच मडक्याचं, तोफेचं खोदून विचारलंत.’

सरांनी चष्मा काढला. ‘समुद्राच्या कायद्याची जागतिक परिषद भरते आहे. आपल्या शिष्टमंडळात सल्लागार म्हणून मला जायचंय. तिथे मोठ्या देशांपुढे कोणीतरी आपलं म्हणणं मांडायला नको? नुसतं ओसरीवर बोलून काय होतं? आणि आपली बंदरं, आपलं खनिज हाती असल्याशिवाय तिथे आपलं ऐकतो कोण? साम्राज्याने घेतलेलं आता राष्ट्राचं आहे. तुझ्या आत्याचंच आहे ते, एका अर्थी.’

‘तुमच्या नेमणुकीच्या पत्रावर सही कोणाची आहे, सर?’

ते चष्मा पुसत राहिले. डोळे कोरडे होते. काच मात्र धुरकट होती, आणि पुसून निवळत नव्हती.

‘खात्याच्या सचिवांची,’ म्हणाले. मग थोडं थांबून, ‘खालून वाचलंस,’ असंही म्हणाले. ओसरीवर बरोबर उत्तर आलं की त्यांचा आवाज जसा व्हायचा, तसाच तो तेव्हा झाला होता.

तेवढ्यात आत्या आली. कमरेवर गोळ्याची टोपली, हातात वर्तमानपत्राचं पुडकं.

‘घेवा,’ ती सरांना म्हणाली. ‘तुमच्यासाठी सुकयलेली. आमच्या खळ्यारची आसा. पुढच्या वर्साक नसतली.’

मला वाटलं, सर नको म्हणतील. मी मनातल्या मनात विनवत होतो की नको म्हणा. सरांनी पुडकं घेतलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, ‘वा.’ मग जीप सुटली.

परतीच्या एस.टी.त हसन माझ्या कानाशी लागला. ‘जग्या, उद्या आपण दोघं जाऊ. मी कोर्टाला सांगतो, माझी देवमाशाची गोष्टही खोटी होती. म्हणजे सगळी वहीच खोटी ठरेल.’

‘तुझी गोष्ट वाचलीय का त्यांनी कोर्टात?’

‘नाही.’

‘मग?’

‘माझ्या गोष्टीत जमीन कुठे होती?’ तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

आडबंदरला उतरलो तेव्हा उन्हं अजून चढीच होती. आत्या घराकडे वळली नाही. गोळ्याची टोपली घेऊन कोटाची चढण चढू लागली. आम्ही मागून गेलो. वर थोरली जाऊ गवतात तोंड घालून पडली होती. आत्याने गोळा तिच्या तोंडाशी ठेवला आणि कोर्टानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

‘माज्या बापाशीन सांगलेला काय? गोळो खंय पडलो?’

‘खडपार.’

‘तू खंय न्हेलंस?’

‘धामोळ्याक.’

‘जा मगे. गोळो गेलो तसो जा. पायातला काढ.’

‘आत्या, तीन मैल...’

‘गोळ्यान इचारल्यान काय कितके मैल ते?’

मी चपला काढल्या. हसन बरोबर निघाला तर तिने त्याला हाताने बसवलं. कोट उतरून वाळूत आलो. मे महिन्याची वाळू. खडपाच्या धारेवर तळपायाला दोन ठिकाणी लागलं. खडपापलीकडे खळं. बायका दुपारचे बोंबील परतत होत्या. बातमी आमच्या आधी गावात पोचली होती, कोणी काही विचारलं नाही. मी सरळ येतोय हे बघून एकीने आपली चटई उचलली, मग दुसरीने. माझ्यासाठी मधून वाट झाली. एवढी साठ माणसं, आणि बोंबील चटईवर पडतात त्याचा तेवढा आवाज.

धामोळ्याला पोचायला मला सव्वा तास लागला. तिथे माड होते, माडावर मडकीही होती. एक भंडारी खाली उभा होता. म्हणाला, ‘काय हवंय?’ मी म्हटलं, ‘काही नाही.’ आणि परत फिरलो.

आत्या तोफेच्या कुशीत सावलीला बसली होती. मला बसायला जागा करून दिली नाही.

‘लांब आसा?’

‘लांब आसा.’

‘कितक्या लांब?’

‘खूप लांब, आत्या.’

‘सांगताना जवळ वाटला तुका,’ ती म्हणाली. मग पदराचा काठ फाडून माझ्या पायाला बांधला.

निकाल चार महिन्यांनी लागला. निकालपत्रात सातवं कलम होतं, मी होतो, धामोळ्याचं मडकं होतं. घावनांचा उल्लेख नव्हता. खळ्यावर धक्का झाला. सर परिषदेला गेले, पुढे त्यांचं पुस्तकही आलं. मला त्यांनी एक प्रत पाठवली. मी ती शेवटच्या पानापासून वाचली. शेवटचं प्रकरण कुठल्यातरी परक्या बेटाबद्दल होतं.

मी पस्तीस वर्षं वकिली केली आणि त्याहून जास्त वर्षं गोष्टी सांगितल्या. माझ्या गोष्टीत एका घावनाआडून दुर्बीण लावून आफ्रिका दिसते. हसनचा देवमासा तर मी एडनवरून परतही आणला, आणि आमच्या बंदरात त्याला पिल्लं झाली. लोक म्हणतात, तारी वकिलाचं काही खरं नाही. नसेना का. पण आमच्या वाडीत कोणालाही विचारा, थोरल्या जावेची गोष्ट मी कशी सांगतो ते. दारू तिप्पट ठासतो, कोंबड्या महिनाभर बसवून ठेवतो, देसायांच्या पगड्या उडवतो. गोळा खडपावरच पडतो.